क्विक म्हणजे जलद, मग नखातलं ‘क्विक’ कोणतं?

प्रश्न असा आला आहे: “आमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. त्याची नखं कशी कापायची याचं इंग्रजी माहितीपत्रक मिळालं. त्यात तीन वेळा बजावलंय की ‘क्विक’ कापू नका. क्विक म्हणजे जलद, एवढंच मला ठाऊक. त्यात परवा मुलीच्या वाचनात ‘द क्विक अँड द डेड’ असा शब्दप्रयोग आला. जलद आणि मेलेले? हा एकच शब्द आहे, की सारखे दिसणारे दोन वेगळे?”

शब्द एकच आहे. मी तीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो आहे. कायद्याचे कागद, शेतीच्या पुस्तिका, रुग्णालयांची संमतिपत्रं अशी कामं हातून गेली, आणि या एका विशेषणाने मला जितकं शिकवलं तितकं फार थोड्या शब्दांनी शिकवलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पिल्लाचं, कारण ते घाईचं. नखाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गाभा असतो. पत्रकात ज्याला ‘क्विक’ म्हटलंय तो हाच. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्यात दिसत नाही. काळं नख असेल तर टोकाकडून अगदी थोडं थोडं कापायचं आणि कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसू लागला की थांबायचं. चुकून लागलंच तर रक्त बरंच येतं. घाबरून न जाता स्वच्छ कापडाने दाबून धरावं. तुरटीची पूड लावली तरी रक्त थांबायला मदत होते.

आता गंमत पाहा. या गाभ्याला मराठीत आपला स्वतःचा शब्द आहे: जिव्हाळी. नखं अगदी मुळाशी कापली की आजी ओरडायची, “जिव्हाळीला लागेल!” जिथे जीव आहे ती जिव्हाळी. नखाच्या टोकात जीव नसतो, तिथे कापलं तरी कळत नाही. जिव्हाळीत जीव असतो. इंग्रजी ‘क्विक’चा या ठिकाणचा अर्थ तंतोतंत हाच आहे: जिवंत भाग. ‘कट टु द क्विक’ म्हणजे बोलणं जिव्हारी लागणं. आपल्या जिव्हारीचा संबंध जिभेशी नाही, जिवाशी आहे.

एवढंच असतं तर दोन भाषांनी एकसारखा विचार केला म्हणून सोडून दिलं असतं. पण ‘क्विक’ आणि ‘जीव’ हे मुळात एकच शब्द आहेत.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचं रूप ‘क्विक’ असंच उच्चारलं जाई, लिहिण्याची पद्धत तेवढी वेगळी होती. अर्थ मात्र एकच: जिवंत. वेगाचा त्यात मागमूस नव्हता. ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या सुरुवातीलाच सृष्टीच्या उत्पत्तीचं वर्णन येतं. देवाने सगळ्या जातींच्या प्राण्यांना जीवन दिलं, जे जे ‘क्विक’ होऊन हिंडतं-फिरतं त्या सगळ्यांना, असं तिथे म्हटलं आहे. जिवंत आणि हलणारं यांची जोडी तिथे आधीच जमलेली दिसते. पुढे काय होणार याची ती चाहूलच म्हणायची. त्याच काळात गुराढोरांच्या संपत्तीलाही ‘क्विक’ जोडून शब्द होता: हलती, जिवंत मालमत्ता. खेड्यात आपण जित्राब म्हणतो ना, तसाच.

‘द क्विक अँड द डेड’ हे त्या जुन्या अर्थाचं सर्वांत प्रसिद्ध अवशेषचिन्ह आहे. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त पुन्हा येईल, या ख्रिस्ती श्रद्धेच्या वाक्यातले हे शब्द. १६११ साली इंग्लंडमध्ये किंग जेम्स यांच्या आज्ञेने झालेलं बायबलचं भाषांतर छापलं गेलं आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानांत ते कायमचे बसले. त्याच बायबलमध्ये धरणी दुभंगून माणसं ‘क्विक’ खाली गेली असंही एका ठिकाणी आहे. आजच्या वाचकाला वाटतं झटकन गेली. मूळ अर्थ असा की जिवंतपणीच गाडली गेली. तुमच्या मुलीला समजावून सांगायचं तर आपली म्हण पुरे: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. यातला ‘जिता’ म्हणजे त्या वाक्प्रचारातला ‘क्विक’.

आता ‘जीव’चा ‘क्विक’ कसा होतो? ऐकायला ओढूनताणून आणलेलं वाटतं, पण ही जुळणी नियमाने झालेली आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात, मूळ ध्वनी कसे ठरावीक रीतीने बदलले ते सूत्रबद्ध केलं. त्यातला एक बदल असा की मूळचा ‘ग’ तिकडे ‘क’ झाला. आपला ‘गो’ म्हणजे त्यांची ‘काउ’. आपलं ‘युग’, म्हणजे जू, ते त्यांचं ‘योक’.

‘जीव’च्या आरंभी मूळ भाषेत ‘ग्व’सारखा ध्वनी होता असं मानतात. जर्मानिकमध्ये त्याचा ‘क्व’ झाला, लॅटिनमध्ये नुसता ‘व’ उरला, ग्रीकमध्ये ‘ब’ झाला. संस्कृतात ‘इ’सारख्या स्वरापुढे तो मऊ होऊन ‘ज’ झाला. ग आणि ज यांची ही अदलाबदल आपल्याला परकी नाही: योग आणि योजना, त्याग आणि त्यजणे, रोग आणि रुजा. म्हणजे क्विकमधला पहिला ‘क्व’ आणि जीवमधला ‘ज’ ही एकाच बीजाची दोन रोपं.

याचा ताळा करून पाहायला मी एक दुसरी जोडी नेहमी देतो. वेदांत ‘जनि’ म्हणजे स्त्री, पत्नी. ज ऐवजी क्व ठेवा, इंग्रजीत काय मिळतं? ‘क्वीन’. मूळ अर्थ नुसता स्त्री, राणी हा नंतरचा. आणि त्याच कुळातला फारसी ‘जन’, म्हणजे बाई, आपल्या जनानखान्यात येऊन बसला आहे. एक जोडी योगायोगाने जुळेल, पण जुळण्या अशा रांगेने येऊ लागल्या की योगायोग म्हणता येत नाही.

क्विकच्या शेवटचा ‘क’ कुठून आला, जीवमध्ये तर तो नाही, असं चौकस वाचक विचारेलच. मूळ शब्दात ‘इ’नंतर घशातून येणारा एक ध्वनी होता, जो पुढे जवळजवळ सगळीकडे लोपला. संस्कृतात तो जाताना मागच्या ‘इ’ला दीर्घ करून गेला, म्हणून आपला जीव दीर्घ. काही भाषाशास्त्रज्ञांच्या मते जर्मानिकमध्ये तोच ध्वनी घट्ट होऊन ‘क’ बनला. हे मत खरं धरलं तर शाळेत ‘जीव’ला दीर्घ वेलांटी दिली नाही म्हणून आपले गुण कापले जात, ती वेलांटी आणि क्विकचा शेवटचा क ही एकाच हरवलेल्या ध्वनीची खूण आहे. मला हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी दुसरं काही काम करू शकलो नव्हतो.

या कुळाचा पसारा मोठा आहे. लॅटिनमधून ‘व्हायटल’, ‘व्हिव्हिड’, ‘सर्व्हाइव्ह’, ‘रिव्हाइव्ह’. ग्रीकमधून ‘बायॉलॉजी’ आणि ‘झू’. आपण बायॉलॉजीला जीवशास्त्र म्हणतो. हा प्रतिशब्द घडवणाऱ्याने अर्थ साधला, आणि तो साधताना ग्रीक ‘बिओस’च्या जागी त्याचाच सख्खा चुलतभाऊ बसवला. व्हिटॅमिनचंही तसंच. कासिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये लॅटिन ‘विटा’वरून हा शब्द बनवला आणि मराठीने त्याला जीवनसत्त्व म्हटलं. विटा आणि जीवन एकाच मुळाचे. फारसी ‘जिंदा’ आणि ‘जिंदगी’ही यातलेच, आपला ‘जिवंत’ आणि त्यांचा ‘जिंदा’ यांची घडणसुद्धा सारखी आहे. संस्कृतात ‘जीवन’ म्हणजे पाणीही, म्हणून तर राज्यात पाणीपुरवठा योजना करणाऱ्या संस्थेचं नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. आणि स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘उश्के बेहा’, जीवनाचं पाणी, असं म्हणतात त्या पेयाचं नाव इंग्रजांनी कापून ‘व्हिस्की’ केलं. त्यातला जीवनवाचक ‘बेहा’ आपला नातेवाईक होता, तोच गळाला. नुसतं पाणी उरलं.

आता जिवंतचा जलद कसा झाला, याकडे येतो. उडी एकदम पडलेली नाही. जिवंत ते हलतं, हलतं ते चैतन्याने हलतं, चैतन्य असलेलं ते चपळ, आणि चपळ ते जलद. तेराव्या शतकाच्या अखेरीस, चौदाव्याच्या तोंडावर इंग्रजीत वेगाचा अर्थ दिसू लागतो. तो आला म्हणून जुना अर्थ लगेच गेला नाही. तीनशेहून अधिक वर्षं दोघे एका घरात नांदले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये, साधारण १६०० च्या सुमारास, कबर खणणारा आणि राजपुत्र यांच्यात शब्दांची चकमक होते. कबर मेलेल्यांसाठी असते, ‘क्विक’साठी नव्हे, असं राजपुत्र म्हणतो. हे ‘क्विक’ खोटं आहे, पटकन माझ्याकडून तुमच्याकडे येईल, असं कबर खणणारा उत्तर देतो. पहिला क्विक जिवंत, दुसरा जिवंतही आणि चपळही. प्रेक्षकांना दोन्ही अर्थ तोंडपाठ असल्याशिवाय हा विनोद रंगमंचावर टिकला नसता.

शेजारच्या भाषांत हाच शब्द कुठे कुठे जाऊन पोहोचला ते पाहिलं की अर्थ कसे वाहतात ते कळतं. डच भाषेत ‘क्विक’ म्हणजे पारा. डॅनिशमध्ये ‘क्वेग’ म्हणजे गुरंढोरं. स्वीडिशमध्ये ‘क्विक’ म्हणजे हजरजबाबी. जर्मनमध्ये ‘केक’ म्हणजे धीट, जरा आगाऊ. बीज एक, जीव. पण कुणाला त्यात हालचाल दिसली, कुणाला गोठा, कुणाला तल्लख बुद्धी. इंग्रजीला वेग दिसला.

पण इंग्रजीच्या जुन्या जोडशब्दांत वेग शोधायला जाल तर फसाल. मी फसलो आहे. अनुवादाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्लधर्मी जमिनीत चुना कसा घालावा यावरची एक पुस्तिका माझ्याकडे आली. त्यात ‘क्विकलाइम’ होतं. मी ‘लवकर विरघळणारा चुना’ असं लिहिलं. छपाईआधी मजकूर एका जुन्या गवंड्याच्या नजरेखालून गेला, म्हणून वाचलो. त्यांनी विचारलं, “हा कळीचा चुना ना? मग हातात घेऊ नका असं का नाही लिहिलं?” भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, तापतो, वाफा सोडतो, ओल्या कातडीला भाजतो, डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. माझ्या वाक्यावर विसंबून एखाद्या शेतकऱ्याने तो उघड्या हातांनी फेकला असता. त्या दिवसापासून विशेषण ओळखीचं वाटलं तरी मी वस्तू काय आहे ते आधी विचारतो.

हा चुना ‘क्विक’ का, तर तो जिवंत मानला गेला म्हणून. लॅटिनमध्येही त्याला जिवंत चुनाच म्हणत. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी त्याचं कारणही सांगून ठेवलं आहे: दगडासारख्या थंड दिसणाऱ्या या वस्तूत आग लपलेली असते, दृश्य शरीरात अदृश्य आत्मा असावा तशी, म्हणून हा जिवंत. पुढे पाणी मारलेल्या चुन्याला इंग्रजीत ‘स्लेक्ड’ म्हणतात, म्हणजे तहान भागवलेला. आपले गवंडी चुना ‘विझवतात’. त्यांनी त्याच्यातली तहान पाहिली, आपण आग पाहिली. ऑगस्टीन यांना आपला शब्द अधिक आवडला असता असं मला वाटतं.

‘क्विकसिल्व्हर’ म्हणजे पारा, ही जिवंत चांदी. लॅटिन नावाचं शब्दशः रूप. पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो, त्यामुळे आपल्या रोजच्या तापमानात तो द्रव असतो. बशीत ओतला की थेंब पळतात, एकमेकांत मिसळतात, बोटाखाली सापडत नाहीत. धातू असून हलतो, म्हणून जिवंत. संस्कृतात पाऱ्याला ‘चपल’ असंही नाव आहे. रसशास्त्रात तर पाऱ्याचे संस्कार सांगताना मूर्च्छित आणि मृत असे शब्द येतात. ज्याला मारता येतं तो आधी जिवंत असणारच. युरोपातल्या आणि भारतातल्या किमयागारांनी एकाच धातूकडे बघून सारखाच विचार केला होता.

‘क्विकसँड’ ही हलती, पाय पडताच जागी होणारी वाळू. माणसाला पटकन गिळते म्हणून ते नाव पडलं, असा सर्वसाधारण समज आहे. तो शब्दाच्या बाबतीत चूक, आणि वस्तूच्या बाबतीतही. वाळूच्या कणांमध्ये पाणी भरून ते कणांना एकमेकांपासून उचलून धरतं, मग पृष्ठभाग वजन पेलत नाही. पण हे मिश्रण माणसापेक्षा बरंच घन असतं. त्यामुळे माणूस साधारण कमरेपर्यंत रुततो आणि तिथे तरंगतो, चित्रपटात दाखवतात तसा टोपीसकट गडप होत नाही. धोका असतो तो अडकून पडण्याचा आणि भरती येण्याचा.

मातीतही असा प्रकार आहे. नॉर्वे, स्वीडन, कॅनडा इथे ‘क्विक क्ले’ म्हणतात ती माती हिमयुगात समुद्रतळावर साचलेली. बर्फाचं ओझं गेल्यावर जमीन वर आली, गोड्या पाण्याने मातीतलं मीठ धुऊन नेलं आणि कणांची रचना ठिसूळ झाली. वरून घट्ट दिसते, पण धक्का बसला की पातळ होऊन वाहू लागते. ३० डिसेंबर २०२० रोजी नॉर्वेतल्या यर्ड्रम इथे अशाच मातीचा कडा खचला, घरं वाहून गेली आणि दहा माणसं दगावली. भूगर्भशास्त्राच्या मजकुरात हा शब्द आला तर ‘जलद माती’ असं कृपा करून लिहू नका. तिथे तो आठशे वर्षांपूर्वीच्या अर्थाने आजही कामावर आहे.

शेतीतले दोन शब्द थोडक्यात. ‘क्विकसेट हेज’ म्हणजे जिवंत फांद्या जमिनीत रोवून वाढवलेलं कुंपण. आपल्याकडे त्याला जिवंत कुंपणच म्हणतात, वाळल्या काट्यांच्या कुंपणाहून वेगळं. आणि इंग्लंडच्या शेतकऱ्याला छळणारं ‘काउच ग्रास’ हे गवत. हे नाव ‘क्विच’वरून आलं, आणि ते ‘क्विक’चंच भावंड. कितीही उपटलं तरी मुळाच्या तुकड्यातून पुन्हा फुटतं, मरत नाही, म्हणून जिवंत गवत. जात वेगळी, पण स्वभाव आपल्या हराळीचा.

आता ज्या अर्थापाशी मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं तो. गर्भवतीला पोटात बाळाची हालचाल पहिल्यांदा जाणवते, त्याला इंग्रजीत ‘क्विकनिंग’ म्हणतात. पहिलटकरणीला हे साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवतं, आधी बाळंतपण झालेलीला थोडं लवकर. हालचाल वेगाने होते म्हणून हे नाव नाही. सोनोग्राफी नव्हती, ठोके ऐकायची साधनं नव्हती, त्या काळात बाळ जिवंत आहे याचा पहिला पुरावा आईला आतून मिळणारी ती चुळबूळ हाच होता. त्या क्षणी गर्भात जीव आला असं मानत.

आपल्या परंपरेत याला समांतर धागा आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं असं सांगून त्या स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हटलं आहे, दोन हृदयांची. तिच्या इच्छा या दोन जिवांच्या इच्छा, म्हणून त्या पुरवाव्यात असा उपदेश तिथे आहे. दोहद आणि आपले डोहाळे याच परिसरातले. आजही गर्भार बाईला आपण दोनजिवी म्हणतो. इंग्रजीत ‘क्विक विथ चाइल्ड’ म्हणतात. शब्दांच्या तळाशी दोन्हीकडे तोच जीव.

इंग्लंडच्या कायद्याने मात्र या अनुभवावरून रेषा आखली. १८०३ च्या कायद्यानुसार गर्भाची हालचाल सुरू झाल्यानंतर गर्भपात घडवून आणला तर देहान्ताची शिक्षा होती, त्याआधी कमी. हा भेद तिकडे १८३७ मध्ये काढून टाकला. पण १८६० साली आपल्यासाठी भारतीय दंड संहिता झाली तेव्हा तो भेद कलम ३१२ मध्ये आला: बेकायदा गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत कैद, स्त्री ‘क्विक विथ चाइल्ड’ असेल तर सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ८८ च्या इंग्रजी मजकुरातही हे शब्द तसेच आहेत. ज्या देशात हा अर्थ घडला तिथे आता सामान्य माणूस तो विसरला, आणि आपल्या कायद्यात तो अजून माणसांच्या शिक्षेची वर्षं ठरवतो.

दंड संहितेच्या हिंदी पाठात अनुवादकांनी काय केलं ते मी नव्या अनुवादकांना मुद्दाम दाखवतो. कलम ३१२ मधल्या त्या स्त्रीला ‘स्पन्दनगर्भा’ म्हटलं आहे. कलम ३१६ मध्ये ‘क्विक अनबॉर्न चाइल्ड’ येतं, तिथे मात्र ‘सजीव अजात बालक’. एकच विशेषण, एका ठिकाणी स्पंदन आणि दुसऱ्या ठिकाणी सजीव. कुणी म्हणेल की एकवाक्यता नाही. मला ते फार विचारपूर्वक केलेलं काम वाटतं. आईच्या बाजूने पाहिलं तर तिला जाणवते ती हालचाल. बालकाच्या बाजूने पाहिलं तर त्याच्यात असतो तो जीव. इंग्रजी शब्दाच्या प्रवासातले दोन टप्पे त्यांनी दोन कलमांत नेमके पकडले.

मग जिवंत हा अर्थ रोजच्या इंग्रजीतून गेला कसा? जागा दुसऱ्याने घेतली. ‘लिव्हिंग’, ‘अलाइव्ह’ आणि सोळाव्या शतकात ‘अलाइव्ह’चं पहिलं अक्षर गळून झालेलं ‘लाइव्ह’, यांनी जुन्या क्विकला हळूहळू बाजूला सारलं. ‘लाइफ’चं मूळ वेगळं. त्याचा मुळातला अर्थ टिकून राहणं, आणि त्याही आधी चिकटणं. संस्कृतातला ‘लिप्’ धातू आणि आपलं लिंपणं, लेप हे त्याचे सोयरे. म्हणजे इंग्रजीत पूर्वी जगणं म्हणजे हलणं होतं, नंतर जगणं म्हणजे चिकटून राहणं झालं, असं म्हणायला हरकत नाही. बेकार पडलेल्या क्विकने मग वेगाचं काम पूर्णवेळ धरलं.

आजच्या वापराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. क्विक रिप्लाय, क्विक कॉमर्स, घराघरातलं फेविक्विक, इथे सरळ वेगच आहे. एक मात्र सांगतो: ‘क्विक ब्रेड’ म्हणजे यीस्ट न घालता खाण्याच्या सोड्याने फुगवलेला पाव. लवकर होतो म्हणून क्विक. जुन्या अर्थाने पाहिलं तर जिवंत यीस्ट असलेला पाव क्विक ठरला असता, आणि नेमका तोच नाही.

अनुवाद करताना मी काय करतो तेही विचारलं जातं म्हणून लिहितो. ‘क्विक’ एखाद्या क्रियेला किंवा वेळेला लागलं असेल तर लवकर, पटकन, झटपट, जसं वाक्य तसं. माणसाच्या बुद्धीला लागलं असेल तर तल्लख, बोलण्याला लागलं तर हजरजबाबी, रागाला लागलं तर शीघ्रकोपी. या तिघांत वेगापेक्षा चैतन्याचा अंश जास्त आहे, म्हणून ‘जलद बुद्धी’ कानाला खटकते. पण ते एखाद्या वस्तूच्या नावाला चिकटलेलं असेल, चुना, चांदी, वाळू, माती, कुंपण, नख, गर्भ, तर वेग हा शब्द डोक्यातून काढूनच टाकायचा. तिथे जिवंत काय आहे ते शोधायचं आणि मग त्या कामातली माणसं त्या वस्तूला काय म्हणतात ते विचारायचं. कळीचा चुना हा शब्द मला कुठल्याही शब्दकोशाआधी त्या गवंड्याच्या तोंडून मिळाला.

तुमच्या पत्रकातली ती ओळ मी अशी लिहीन: “नख कापताना जिव्हाळीला लागू देऊ नका.” पिल्लू लहान असेल तर त्याची नखंही बारीक असतील, तेव्हा पहिल्या वेळी एखाद्या पशुवैद्याकडून समोर बसून कापून घ्या आणि जिव्हाळी कुठवर आली आहे ते त्यांना बोटाने दाखवायला सांगा.